न मागता आलेला प्रश्न

कॅलिफोर्नियातील डब्लिनमध्ये संगणकाच्या नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे राहतात. तेथून जवळच्या सॅन फ्रान्सिस्कोतील उबर कंपनीत सप्टेंबर २०२२ मध्ये चोर शिरला, तो कुलूप न फोडता. एका कंत्राटी कामगाराचा पासवर्ड त्याच्या हाती आधीच लागला होता. ‘परवानगी द्यावी काय?’ असा प्रश्न कामगाराकडे पुन्हा पुन्हा आला. आधी त्याने नाकारले. शेवटी एकदा होकार दिला. दोष एकट्या कामगाराचा नव्हे. नुसत्या होकारावर दार उघडणारी रीतच कच्ची. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये पडद्यावरचा आकडा फोनवर लिहिणे सक्तीचे केले.

घरीही, आपण काही उघडले नसताना असा प्रश्न आला, तर पासवर्ड बहुधा बाहेर गेलेला असतो. नकार द्यावा आणि पासवर्ड स्वतः खात्यात जाऊन बदलावा, आलेल्या दुव्यावरून नव्हे.