बँकेचे कर्ज नको, मग कागद कोण तपासणार?

सदनिका घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न भावाचा होतो, दुसरा मशीद आणि शाळा किती लांब याचा, आणि तिसरा शेजार कसा आहे याचा. कागदपत्रांचा विषय निघतो तो इसार देऊन झाल्यावर. तोही बहुधा दलालाच्या एका वाक्यावर मिटतो : "भाई, सगळे क्लिअर आहे." कापडाचा गठ्ठा घेताना चार ठिकाणी उलगडून पाहणारा आपला व्यापारी आयुष्याची कमाई ओतताना इतका भोळा कसा होतो, याचे आम्हाला नेहमी नवल वाटत आले आहे.

याचे एक कारण आमच्या मते असे आहे. आपल्यातील पुष्कळ लोक व्याजाचे कर्ज घेत नाहीत. भिशीचे पैसे, घरातले दागिने, गावाकडची जमीन विकून आलेली रक्कम, आखातात असलेल्या भावाने पाठविलेला ड्राफ्ट, दुकानातून काढलेले भांडवल, अशी जुळवाजुळव करून ते घर घेतात. या निर्णयाबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, तो ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. बँक जेव्हा घरासाठी कर्ज देते, तेव्हा स्वतःच्या पैशाच्या काळजीने ती वकील लावून जमिनीची मालकी तपासते, मंजूर नकाशा मागते, आपला माणूस पाठवून इमारतीचे मूल्यांकन करविते. ही सारी धडपड बँकेच्या फायद्यासाठी असते. पण तिचा आडोसा गिऱ्हाइकालाही मिळतो. रोखीने घेणाऱ्याच्या मागे असा कोणी उभा नसतो. बिल्डरला ही गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या इमारतीला कोणतीही बँक दारात उभे करीत नाही, ती इमारत रोख गिऱ्हाइकालाच विकावी लागते. आणि रोख गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा आपण.

म्हणून कर्ज घ्यायचे नसले तरी बिल्डरला पहिला प्रश्न हाच विचारा : या इमारतीत कोणकोणत्या बँकांनी कर्जे दिली आहेत? एकीनेही दिले नसेल तर का नाही, हे बँकेच्या शाखेत स्वतः जाऊन विचारा. एक चहा आणि अर्धा दिवस एवढाच खर्च आहे.

असे न विचारल्याचा परिणाम काय होतो ते आपण ठाणे जिल्ह्यात डोळ्यांनी पाहिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. काम पुरे झाले नव्हते, परवानगी नव्हती, तरी कुटुंबे राहत होती. पालघर जिल्ह्यात नालासोपारा येथे न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडण्यास घेतल्या गेल्या. त्यांत राहणाऱ्यांनी पैसे पूर्ण मोजले होते. त्यांच्याजवळ कागदही होते. फक्त ते कागद जमिनीच्या खऱ्या मालकाने दिलेले किंवा महापालिकेने मंजूर केलेले नव्हते.

आमच्या परिचयातील एका टेलरिंगच्या दुकानदाराचे उदाहरण देतो. त्यांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून सदनिका घेतली. नोंदणीचा खर्च वाचला म्हणून त्यांना समाधान वाटले. दोन वर्षांनी एक गृहस्थ त्याच सदनिकेचा नोंदणी केलेला करार घेऊन दारात उभे राहिले. त्या गृहस्थांचाही दोष नव्हता, बिल्डरने एकच माल दोनदा विकला होता. कायद्याने तोलायचे तर एका बाजूला सरकारी दफ्तरातील नोंद आणि दुसऱ्या बाजूला नोटरीचा शिक्का. निकाल काय लागणार हे सांगायला वकील लागत नाही. आपल्या कागदात लिहिलेले नसले तरी दुकानदारांना घर सोडावे लागले, आणि बिल्डरकडून रक्कम परत मिळविण्याची लढाई अजून चालू आहे.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे आपल्या वस्त्यांत भिंतीवर लिहून ठेवावे असे आम्हाला वाटते. स्थावर मालमत्तेचा सौदा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, मुद्रांक शुल्क भरून, सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो. मुखत्यारपत्रावर, म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नीवर घर विकण्याची पद्धतही आपल्याकडे फार. त्याने मालकी बदलत नाही, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात दिला. तरीही हा व्यवहार आजही बिनदिक्कत चालतो. नोंदणीचा खर्च जड वाटत असेल तर एक सोय लक्षात ठेवावी : निवासी सदनिका केवळ महिलेच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. चाळीस लाखांच्या घरात ती चाळीस हजार होते. मात्र नाव बेगमचे असेल तर घर बेगमचेच होते, ही समज ठेवून हे करावे.

आता तपासायचे काय. जमिनीचा सातबारा किंवा शहरात मालमत्ता पत्रक. नोंदणी कार्यालयातील इंडेक्स दोन. तीस वर्षांचा शोध अहवाल, जो आपण नेमलेल्या वकिलाने काढलेला हवा, बिल्डरच्या वकिलाने नव्हे. महापालिकेचा बांधकाम प्रारंभाचा दाखला आणि मंजूर नकाशा. इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ओसी म्हणतात. ओसी नसलेल्या इमारतीत लोक वर्षानुवर्षे राहतात हे खरे. पण पाणी टँकरचे असते, आणि पुढे विकायला गेले की तेच रोख गिऱ्हाईक शोधावे लागते.

यात एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. बिल्डरने दाखविलेली झेरॉक्स म्हणजे दाखला नव्हे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेचे बनावट दाखले तयार करून त्यांच्या आधारे महारेराचा नोंदणी क्रमांकही मिळविला, हे उघडकीस आल्यावर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणजे जाहिरातीतील रेरा क्रमांक पाहून निर्धास्त होण्याचे दिवसही गेले. दाखल्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती मूळ नोंदीशी ताडून पाहावी. माहिती अधिकारात अर्ज केल्यास दहा रुपये लागतात.

एवढे सांगूनही रेरा कायदा गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा आहेच, आणि आपल्या लोकांनी तो वापरायला शिकले पाहिजे. हा कायदा २०१६ चा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतील सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. विक्री कार्पेट क्षेत्रफळावर होते, सुपर बिल्टअपच्या फुगवट्यावर नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. हे सगळे तेव्हाच उपयोगी, जेव्हा आपण दिलेला पैसा कागदावर असतो.

इथे आपल्या व्यापाऱ्यांची दुखरी नस येते. "अर्धे चेकने, अर्धे रोख" ही भाषा बाजारात इतकी रुळली आहे की ती कोणाला खटकत नाही. जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. कायद्याची भीती बाजूला ठेवू. साधा हिशेब करा. वीस लाख चेकने आणि पंधरा लाख रोख दिले. बिल्डरने काम अर्धवट टाकले. तुम्ही महारेराकडे गेलात तर परत मागाल किती? वीस. बाकीचे पंधरा कोणाला दिले, कधी दिले, कोण साक्षीदार? देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यावर साक्षीदार ठेवावेत ही शिकवण आपल्याला सूरह बकरामध्ये फार सविस्तर दिलेली आहे. तिचे पठण करणारा माणूस पंधरा लाख पिशवीत घालून देतो, आणि पावतीही मागत नाही, कारण मागितली तर समोरच्याला वाईट वाटेल!

किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. हे न केल्याने नोटिसा आलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

सौदा झाल्यावर इमारत कोणत्या कायद्याखाली आहे हेही विचारावे. आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते, आपल्याला भाग दाखला आणि राहण्याचा हक्क मिळतो, आणि प्रत्येक सभासदाला एकच मत. दुसरी तऱ्हा १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याची. इंग्रजीत ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात ते हेच. पुण्यात असे पुष्कळ आहेत. यात बिल्डर घोषणापत्र नोंदवितो, प्रत्येकाला आपल्या सदनिकेचे वेगळे खरेदीपत्र मिळते, आणि जिना, गच्ची, जमीन यांत ठरावीक टक्क्यांचा अविभाज्य हिस्सा. मतही सहसा त्या टक्क्यांनुसार. खाली मोठे दुकान असलेल्या एकाच मालकाकडे तीस टक्के असतील तर सभेत त्याचेच चालणार, हे घेण्याआधी घोषणापत्र वाचून पाहावे. व्यापाऱ्यांना ही दुसरी पद्धत सोयीची वाटते, कारण मालकी थेट आपल्या नावे येते. पण या पद्धतीत वर्गणी थकविणाऱ्याकडून वसुली करणे अवघड जाते, असा आमचा अनुभव आहे.

संस्थेच्या बाबतीत दोन आकडे पाठ असावेत. शहरी भागात हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये, आणि घर भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. "डोनेशन" म्हणून दोन लाख मागणारी समिती बेकायदा वागते. सभासदत्वाचा अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत निर्णय कळविला नाही तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. नाव वाचून अर्ज बाजूला ठेवणाऱ्या समित्यांची गाठ आपल्यापैकी अनेकांना पडते. अशा वेळी तोंडी वाद न घालता अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवावा.

राहायला गेल्यावरची गोष्ट थोडक्यात. दुकानाचे भाडे एक तारखेला देणारा माणूस इमारतीची वर्गणी सहा महिने थकवितो, मग लिफ्ट बंद पडली की समितीला शिव्या देतो. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का तरी जमला पाहिजे. पंधरा वर्षे झालेल्या इमारतीची बांधकाम तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यावी. भिंतीतून पाणी झिरपते आहे आणि सळई दिसते आहे, तरी पुढच्या वर्षी पाहू म्हणणाऱ्या इमारती आपल्या ओळखीच्याच आहेत. कारागीर बांधवांना एवढेच सांगणे की शिलाईचे एखादे यंत्र घरात चालते, पण दहा यंत्रे, कच्चा माल आणि रात्रपाळी चौथ्या मजल्यावर नको. वायरिंग त्यासाठी केलेले नसते, आणि आग लागली तर माल बाहेर काढायला एकच जिना असतो. तळमजल्यावर गाळा घ्यावा.

शेवटचा मुद्दा वारसांचा. संस्थेत नामनिर्देशन केले की घर त्याचेच झाले असा गैरसमज घराघरांत आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांची वाटणी होईपर्यंत सांभाळणारी, २०१९ च्या दुरुस्तीनेही तिला तात्पुरते सभासदत्वच मिळते. थोरल्या मुलाचे नाव फॉर्ममध्ये घातल्याने मुलींचा आणि बेवेचा हिस्सा जात नाही. शरीअतीने ठरविलेला वाटा त्यांना द्यावाच लागतो. मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. हयातीत कोणाला द्यायचे असेल तर हिबा करावा, पण ताबा खरोखर दिल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि तोंडी हिबा ग्राह्य असला तरी संस्थेचे कार्यालय लेखी, नोंदणी केलेला कागदच मागते. मरहूम वडिलांची फाईल कपाटात सापडत नाही म्हणून तीन भाऊ आणि दोन बहिणी सात वर्षे निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालीत आहेत, असे एक घर आमच्याच गल्लीत आहे. त्या फाईलची एक प्रत मुलीकडेही ठेवायला हवी होती.