सतरंज्या कोणी उचलावयाच्या?

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले कीं पालकांच्या चिठ्ठ्या येऊं लागतात. यंदा चिरंजिवांचें दहावीचें वर्ष आहे, तरी त्यांस नाटक, खेळ, समित्या इत्यादि उपद्व्यापांतून मोकळें करावें, असा त्यांचा आशय असतो. या चिठ्ठ्यांमागील काळजी आम्ही जाणतों. दुहेरी पाळ्या करून किंवा कर्ज काढून मुलास शिकविणाऱ्या बापास त्याचा एक तासहि वायां जाऊं नये असें वाटल्यास नवल नाहीं. परंतु समितीच्या कामांत गेलेला तास वायांच गेला, हें जें गृहीत धरलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं. प्रश्न हौसेचा नसून मुलाच्या उद्यांच्या पोटापाण्याचा आहे.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेंच उदाहरण घ्या. पुष्कळ विद्यार्थ्यांचा, आणि २०२२ पासून मुलींसहि तेथें प्रवेश मिळूं लागल्यावर विद्यार्थिनींचाहि, तिकडे डोळा असतो. प्रवेशाची लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणितास ३०० व सामान्य क्षमता चाचणीस ६००. तिच्यासाठीं पालक शिकवण्या लावतात. पण ती पार पडलेल्या उमेदवारास निवड मंडळापुढें उभें राहावें लागतें, व त्या मंडळाच्या हातींहि तितकेच ९०० गुण असतात. तेथें सुमारें पांच दिवस मुक्काम. त्या मुक्कामांत छातीवर क्रमांक लावलेल्या उमेदवारांचा एक लहान गट मैदानावर नेतात, फळी, ओंडका व दोर देतात, आणि मधल्या जमिनीस पाय न लावतां ओझ्यासह पलीकडे जावयास सांगतात. पुढारी कोणीहि नेमलेला नसतो. परीक्षक बाजूस उभा राहून पाहत असतो.

अशा वेळीं गणितांत पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा कित्येकदां गोंधळतो. आपली युक्ति बरोबर आहे हें त्यास कळतें, पण ती इतरांच्या गळीं कशी उतरवावी हें कळत नाहीं. किंवा शेजाऱ्याची युक्ति अधिक चांगली असली तरी आपली सोडवत नाहीं. या दोन्ही गोष्टी पंधरा दिवसांच्या वर्गांत शिकवितों असें सांगणारे लोक आहेत. शिकवोत बापडे! आमच्या मतें त्या पांचवीपासून दहावीपर्यंत शाळेच्या आवारांतच शिकतां येतात, आणि त्यांस निराळी फी पडत नाहीं.

मात्र त्या कोठें शिकावयास मिळतात हें पाहिलें पाहिजे. नाटकांतील मुख्य भूमिकेस टाळ्या मिळतात, व त्या मुलाचें कौतुक आम्हांसहि आहे. परंतु आनंदमेळाव्यांत भेळेचें दुकान मांडणारीं पांच मुलें त्याहून अधिक शिकतात असें आम्ही म्हणतों. चुरमुरे किती आणावे याचा अंदाज त्यांनींच करावयाचा असतो. सुट्या पैशांची सोय आदल्या दिवशीं करावी लागते, व ती न केल्यास गिऱ्हाईक शेजारच्या सरबताकडे वळतें. संध्याकाळीं गल्ला मोजतांना ४० रुपये कमी भरतात. एकानें आपल्या मित्रांस फुकट भेळ वाटलेली सर्वांनीं पाहिलेली असते. आतां त्यास बोलावें कोणी, आणि कसें, कीं पैसे निघावे व मैत्रीहि राहावी? कचेरींत, कारखान्यांत, रुग्णालयांत माणसावर रोज असेच प्रसंग येतात, आणि तेथें गुणपत्रिका कामास येत नाहीं. प्रमाणपत्रहि नाहीं. यादींत नांव घालून सरावास दांडी मारणारे, व शेवटीं छायाचित्रापुरते उभे राहणारे, प्रत्येक शाळेंत असतात. मुलाखतींत 'तुम्ही त्यांत काय केलें?' एवढें विचारलें कीं त्यांचें बोलणें खुंटतें.

त्याच चारदोन हुशार मुलांस प्रत्येक समितीवर घेण्याची सोयीस्कर चाल बहुतेक शाळांत आहे. काम सुबक होतें खरें. पण ज्यांस शिकण्याची गरज अधिक, तीं मुलें प्रेक्षकांतच राहतात. दुसरी चाल अशी कीं, रांगोळी व गुलाबपाणी मुलींकडे, आणि हिशेब, मांडव व ध्वनिक्षेपक मुलांकडे. ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मुलीनें मांडववाल्याशीं भाव ठरवावा व मुलानें रांगोळी काढावी. उपयोग दोघांसहि होईल.

ज्या मुलास शाळा सुटतांच वडिलांच्या दुकानावर बसावें लागतें, किंवा धाकट्या भावंडांस सांभाळावें लागतें, त्यास यांतून सूट असावी. त्याचें हें शिक्षण घरीं चाललेलेंच आहे. परीक्षेपूर्वींचा महिनाहि अभ्यासाचाच. इतर पालकांस आमची एवढीच विनंति कीं, संमेलनाहून परतलेल्या मुलास 'बक्षीस कोणतें मिळालें?' असें विचारण्यापूर्वीं 'तुझ्याकडे काम कोणतें होतें?' असें विचारावें.

पुढील वर्षाच्या समित्यांच्या याद्या जून महिन्यांत फलकावर लागतील. यंदा स्वागत समितीच्या यादींत नांवें मावेनात, आणि सतरंज्या घालण्या-उचलण्याच्या यादींत तिघांचींच होतीं.