पांघरूण उचलून पाहा

शेतकरी बंधूंनो, गाय गोठ्यात बसली अन् उठेनाशी झाली, तर आपण खाली पेंढा टाकतो, दिवसातून चार वेळा तिची कूस पालटतो. मग वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस कोण पालटते, हे कधी विचारले आहे काय?

भेटीला जाल तेव्हा धुतलेली चादर पाहून समाधान मानू नका. पांघरूण उचला. माकडहाड, खुबे, टाचा पाहा. लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडत नसेल, किंवा कातडी काळपट, गरम लागत असेल, तर शय्याव्रणाची सुरुवात समजा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, सकस अन्न, एवढ्याने बहुतेक जखमा टळतात. फार आजारी माणसाला काळजी घेऊनही जखम होते, हे खरे. पण जखम हाडाला भिडेस्तोवर कुणाला कळलेच नाही, ही सबब चालायची नाही.

संस्थेकडे कूस बदलल्याची नोंद मागा. दाद लागत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कळवा. सरपंच, पोलीस पाटलांनीही गावालगतच्या आश्रमात फेरी मारावी. बैलाच्या खांद्यावरची जखम पाहून धन्याला बोल लावणारे आपण. माणसाच्या पाठीची जखम पाहून गप्प कसे बसणार?