समेट गावात, नोंद न्यायालयात

बांधाचा, वाटेचा किंवा वाटणीचा दावा सिल्वासाच्या न्यायालयात चालू असताना दोन्ही पक्ष गावात बसून समेट करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यासाठी वकील हवाच असे नाही. पक्षकाराला स्वतः उभे राहता येते. खरा धोका समेटानंतर सुरू होतो. ‘आपलं मिटलं’ म्हणून प्रतिवादी तारखेला जाणे सोडतो, वादी मात्र जातो, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन बसतो. उलट, प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असेल, तर दावा निकाली निघतो व त्याच कारणासाठी नवा दावा लावता येत नाही.

म्हणून तडजोड लेखी हवी, त्यावर दोघांच्या सह्या हव्यात आणि ती न्यायालयात नोंदवून तसा हुकूमनामा घ्यायला हवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २३व्या आदेशात, नियम ३मध्ये, ही सोय आहे. ‘वाट सोडली’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या सर्व्हे नंबरातून, कोणत्या बांधाकडून, किती फूट रुंद, तिथून ट्रॅक्टर जाईल की नुसती पायवाट, हे सगळे कागदावर यावे. पैसे द्यायचे असतील तर रक्कम, मुदत आणि हप्ता चुकला तर काय, हेही. वारसांत अज्ञान मूल असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. दाव्यात नसलेली जमीन तडजोडीत आणली, तर नोंदणी टळत नाही.

लोकअदालतीचा मार्गही आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि न्यायालयाने पाठवलेला दावा तिथे मिटला, तर भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नाही. पटले नसेल तर तिथेच नकार द्यावा; संमतीशिवाय लोकअदालत निवाडा देऊ शकत नाही.

वकील परवडत नाही म्हणून कोणी एकटा सही करत असेल, तर ते आम्हाला अस्वस्थ करते. २०११च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीत निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ त्यांना, अनुसूचित जातींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न विचारता मोफत विधी सहाय्याचा हक्क देते. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांनी आणि कारखान्यांत राबणाऱ्यांनी हा हक्क मागून घ्यावा. तडजोडीचा कागद आपल्या भाषेत वाचून घ्या, विधी सहाय्याच्या १५१०० या क्रमांकावर सल्ला मागा, मगच सही करा.