औषधे येथली, मग चाचणी का नको?

भिवंडीच्या यंत्रमागावर मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाची. माग थांबला की चूलही थंडावते. अशा घरातील कर्त्या माणसाला आक्रमक लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा वेगाने वाढणारा कर्करोग झाला, तर सारी भिस्त पहिल्या उपचारावर असते. या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ‘आर-चॉप’ या पाच औषधांच्या संयोगाने सुमारे ६० टक्के रुग्ण बरे होतात. उरलेल्यांचे काय? उलटलेला रोग जुन्या औषधांना दाद देत नाही आणि तोवर गाठीचा पैसाही सरलेला असतो.

अशा रुग्णांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने ब्रेन्टुक्सिमॅब, लेनालिडोमाइड व रिटुक्सिमॅब या त्रयीला मान्यता दिली. २३० रुग्णांच्या चाचणीत पहिल्या औषधाची जोड मिळताच मध्यक आयुर्मान ८.५ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले. उरलेली दोन्ही औषधे भारतात बनतात. रिटुक्सिमॅबची देशी आवृत्ती २००७ पासून उपलब्ध आहे. पहिले मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे! तेव्हा येथे बनणाऱ्या स्वस्त औषधांचे नवे संयोग तपासणे हाच आपला मार्ग. परंतु पेटंट संपलेल्या औषधांवर कंपन्या खर्च कशाला करतील? ते कार्य सार्वजनिक संस्थांनीच अंगावर घेतले पाहिजे.

हे आपल्याला साधणारे नाही, असे कोणी म्हणू नये. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार१९’ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ६४ रुग्णांच्या चाचणीत, मूल्यमापन झालेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. परदेशाच्या तुलनेत त्याचा खर्च पुष्कळ कमी असला, तरी तो लाखांच्या घरात जातो. म्हणूनच स्वस्त संयोगांची निकड उरतेच. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातील रुग्णालये जोडली आहेत. त्या बळावर अशा चाचण्या व्हाव्यात.

अर्थात, गरीब रुग्ण म्हणजे प्रयोगासाठी आयते मिळालेले शरीर नव्हे. २०१९ च्या नियमांनी संमती, इजा झाल्यास विनामूल्य उपचार आणि भरपाई ही बंधने घातली आहेत. संमतीपत्र मराठी, तेलुगू, हिंदी वा उर्दूत, रुग्णाला उमजेल असेच समजावले पाहिजे. खारघरपर्यंतचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांची तरतूदही चाचणीच्या खर्चातच व्हावी. नाहीतर यंत्रमाग कामगाराच्या दृष्टीने चाचणीचे दार उघडे असूनही बंदच राहील.