आवणीच्या रविवारी वाट मोकळी पाहिजे

आज पिकावर नाही, गाड्यांवर लिहितो. पण शेवटी गोष्ट पिकावरच येते, म्हणून वाचा.

आमची खाचरं कळसूबाईच्या पायथ्याला, बारीच्या अंगाला. 1,646 मीटरचं राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळं पावसाळ्यात शनिवार-रविवार मुंबई, नाशिक, पुण्याची पोरं लोटतात. बरीचशी मंडळी शनिवारी रात्रीच येतात, कारण वर जाऊन सूर्य उगवताना बघायचा असतो. रात्री एक-दोन वाजता अंधारात, पावसात गाडी जिथं जागा दिसंल तिथं लावायची, टॉर्च पेटवायचा आन चढायला लागायचं. खाली यायला दुपार होते.

आता आमचा हिशोब बघा. आवणीच्या दिवसांत पहाटे रोप उपटायचं, सकाळी चिखलणी, लगेच लावणी. म्हणजे ज्या वेळात गाडीवाला डोंगरावर असतो, नेमकी त्याच वेळात आम्हाला वाट लागते.

गेल्या साली जुलैत एका रविवारी माझी सावड होती. पाच घरची अकरा माणसं आली होती. रोप उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या. पॉवर टिलर घेऊन निघालो तर खाचराच्या वाटेवर मधोमध एक गाडी आडवी. काचेवर नंबर नाही, आत माणूस नाही. ढकलावी तर ब्रेक लावलेला. जुड्या ओढ्याच्या पाण्यात ठेवल्या आन बसलो. साडेअकराला पोरं उतरली. पोरं चांगली होती, हात जोडले, म्हणाली, "काका, रात्री ही वाट आहे हे दिसलंच नाही." खोटं नव्हतं ते. वाट आहे असं सांगणारा एक दगडसुद्धा आम्ही तिथं लावला नव्हता.

पण त्या दिवशी निम्मीच आवणी झाली. सावडीत पाळी चुकली की आपला नंबर परत शेवटी. उरलेली खाचरं नऊ दिवसांनी लागली. एकवीस-पंचवीस दिवसाचं रोप लावायचं ते महिन्याच्या पुढं गेलं. थोराड रोपाला फुटवे कमी येतात, हे इथं कुणाला सांगायला नको. त्या तुकड्यातली तूट डोळ्याला दिसत होती.

आता माझी चूक सांगतो. त्याच्या आदल्या साली माणसं मिळंनात म्हणून रस्त्याकडचं आठ गुंठ्याचं खाचर पडीक ठेवलं आन त्यात गाड्या लावू दिल्या. बांध फोडून वाट केली. गाडीमागं 50 रुपये, चौदा-पंधरा गाड्या, पाच रविवार. साडेतीन हजार खिशात आले, बरं वाटलं. पण त्या आठ गुंठ्यात तीन क्विंटलभर भात निघतं. फोडलेल्या बांधातून पाणी रस्त्याला गेलं, खालच्या भावाचं खाचर ओढलं. नंतर ओलीवर हरभरा टाकला तर चाकोऱ्यांत पाणी साचून उगवलाच नाही, आन बाकी ठिकाणी मुळी खाली जाईना. परत सपाट करायला ट्रॅक्टरचं भाडं गेलं ते वेगळंच.

कुणी म्हणंल, भाताला तर आपण चिखलणी करून खाली घट्ट थर मुद्दाम बनवतो, मग गाडीनं काय बिघडतं? चिखलणीनं वर मऊ गाळ राहतो आन थर खाली, सगळीकडं सारखा बसतो. चाक वरूनच दाबतं, ते पण पट्ट्या-पट्ट्यानं. ओल्या रानात हजार-दीड हजार किलोची गाडी म्हणजे पुढच्या रब्बीचं नुकसान. यात काही चुकत असंल तर कृषीच्या साहेबांनी दुरुस्त करावं, आन असं दबलेलं रान लवकर सुधारायला काय करावं तेही सांगावं.

गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात, गाड्या बंदच करा. मला ते पटत नाही. चहा, जेवण, वाट दाखवणं यावर आमच्या पोरांचं चार पैसं होतात. आन डोंगर काय एकट्याचा आहे का? नवरात्रात आपणही आईच्या दर्शनाला चढतोच.

माझं म्हणणं एवढंच. पावसाळ्यात खाचरात गाडी कुणीच घेऊ नये, कितीही पैसे मिळोत. रस्त्यालगतचा मुरमाड माळ गाड्यांना ठेवावा. टिलर-ट्रॅक्टरच्या वाटेवर दोन्हीकडं चुना मारलेले दगड लावावेत, अंधारात दिसतील असे. शनिवारी रात्री दोन पोरं जागी ठेवावीत. पावतीचा पैसा त्यांच्यात आन वाटा दुरुस्तीत वाटावा, आन हे ग्रामसभेत ठरावं, म्हणजे भावाभावात भांडण नको.

येणाऱ्यांनाही विनंती. काचेवर फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. जमलं तर गाडी आणूच नका. कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, पुढं घोटीला या, घोटीहून राजूर-अकोल्याकडची एसटी बारीवरनंच जाते. आठ जणांनी दोन गाड्या आणण्यापेक्षा एक जीप करा.

दोष सगळा शहरावर टाकून मोकळं होता येत नाही. बांध मी स्वतः फोडला होता. औंदा तो परत घातलाय, त्या खाचरात इंद्रायणीचं रोप लावणार आहे, आन वाटेच्या तोंडाला पहिला दगड मीच रंगवलाय.

तुमच्याकडं गड-धबधब्याच्या पायथ्याला काय करता ते खाली लिहा. ज्यांनी गावकीनं मार्ग काढलाय त्यांनी तर जरूर लिहा.