आहेराच्या वहीत न मावणारी भेट

व्यापारी कुटुंबात हिशेबाच्या वह्या दोन ठिकाणी असतात. एक पेढीवर आणि दुसरी घरात. घरातली वही आहेराची. ती बहुधा ज्येष्ठ स्त्रीच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या घडीखाली जपलेली असते. कोणाच्या लग्नात कोणी काय दिले, हे तिच्यात नावानिशी लिहिलेले असते. ‘साडी व 501’, ‘चांदीची वाटी’, ‘स्टीलचा डबा’. पुढे त्या घरी कार्य निघाले की ते पान उघडायचे आणि घेतले त्याहून थोडे अधिक परत करायचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिने नाती बांधून ठेवली, यात शंका नाही. परंतु याच रीतीचा एक जाचही असतो आणि तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

धंदा म्हटला की चढउतार आलेच. उधारी बुडते, भागीदारी मोडते, एखाद्या वर्षी दुकान हातचे जाते. अशा घरातील माणसे हळूहळू समारंभांना येईनाशी होतात. तब्येतीचे कारण सांगितले जाते, गावाला जाण्याचे निमित्त पुढे केले जाते. खरे कारण त्या वहीत असते. ज्यांनी चांदीची वाटी दिली, त्यांच्या दारात हलका आहेर घेऊन कसे उभे राहावे? दिवाळीला आलेला सुक्या मेव्याचा डबाही अशा घरात आनंदाबरोबर काळजी घेऊन येतो. डब्यातील बदाम संपतात. परतफेडीचा विचार संपत नाही.

स्वहस्ते केलेली कागदाची वा कापडाची लहानशी वस्तू येथे मोठे काम करते. तिच्या नावापुढे रुपयांचा आकडा लिहिता येत नाही. घेणाऱ्यावर तिचे ओझे होत नाही आणि परत काही द्यावेसे वाटले तर तेही घरात बसून करता येते. मात्र ही प्रथा सुस्थितीतील घरानेच सुरू केली पाहिजे. ओढगस्तीच्या घराने सुरू केली तर लोक तिला अडचण समजतात. भरल्या घराने सुरू केली तर तिची रीत होते. ज्यांना बाजारातील कोणतीही वस्तू घेणे परवडते, त्यांनी ती न घेता दोन तास बसून काही करावे, यातच त्या भेटीचे मोल आहे.

कापड आणि कागद ही तशी एकाच कुळातील. हातकागदाचा मुख्य कच्चा माल म्हणजे सुती कापडाच्या चिंध्या आणि कतरण. राजस्थानातील सांगानेर येथे आजही याच मालापासून कागद बनतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नाव तर तेथील कागद करणाऱ्या कारागिरांवरूनच पडले. 1934 मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाच्या धंद्याला नव्याने उभारी देण्याचा प्रयत्न केला आणि 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. शिंप्याच्या पायाशी पडलेली चिंधी लगद्यातून जाऊन लिहिण्याजोगी होते, तर घरातील चार कटपिसे नीट हाताळून भेट देण्याजोगी होण्यास अडचण ती कोणती?

प्रथम चिकटवण्याच्या साधनाविषयी. बाजारातील पारंपरिक सरस जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून तयार होतो. तो आपल्या घरात नकोच. कागदकामाला घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा, त्यात एक कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. मिश्रण दाटसर व किंचित पारदर्शक झाले की उतरवावे आणि गार झाल्यावर वापरावे. पुस्तके बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. परंतु तो विषारी असल्याने घरात त्याचा उपयोग करू नये. लागेल तेवढीच खळ करावी व त्याच दिवशी संपवावी. कापड सुतीच घ्यावे. रेशमाच्या धाग्यासाठी कोश उकळले जातात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पहिली वस्तू : आहेराच्या पाकिटांचा जुडगा. व्यापारी घरात वर्षभर अशी पाकिटे लागतात, म्हणून दहा पाकिटांचा सुतळीने बांधलेला जुडगा ही उपयोगी भेट ठरते. जुन्या लग्नपत्रिकांचा कोरा भाग यासाठी वापरता येतो. ज्या भागावर देवादिकांची चित्रे, मंत्र वा वधूवरांची नावे असतील, त्यास कात्री लावू नये. तो भाग बाजूला ठेवावा. 500 रुपयांची नोट 15 सें.मी. लांब व 6.6 सें.मी. रुंद असते. त्या मानाने 19 सें.मी. रुंद व 22 सें.मी. उंच कागद घ्यावा. खालच्या कडेपासून 8.5 सें.मी. व 17 सें.मी. अंतरावर आडव्या घड्या घालाव्यात. उरलेले 5 सें.मी. हे झाकण. डाव्या-उजव्या कडेची 1 सें.मी. पट्टी फक्त मधल्या भागाला ठेवावी, खालच्या भागातून व झाकणातून ती कापून टाकावी. मधल्या भागाच्या पट्ट्या आत मोडून त्यांना खळ लावावी आणि खालचा भाग वर घेऊन त्यांवर दाबून बसवावा. पाकिटे जड पुस्तकाखाली रात्रभर ठेवली की सपाट राहतात.

दुसरी वस्तू : हाताने शिवलेली वही. ए-फोर आकाराचे 8 कागद एकत्र मधोमध दुमडले की 32 पानांची वही होते. मुखपृष्ठासाठी त्याच मापाचा जाड हातकागद घ्यावा. घडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोके पाडावीत : एक मध्यभागी व दोन्ही टोकांपासून 4 सें.मी. अंतरावर एकेक. साठ सें.मी. जाड सुती दोरा सुईत ओवावा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत न्यावी, आतल्या बाजूने थेट खालच्या भोकाशी नेऊन बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्या भोकातून आत घ्यावी. दोऱ्याची दोन्ही टोके आतील लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारावी. यंत्राने बनवलेला कागद एका दिशेने सहज मुडपतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो. दुमडण्यापूर्वी हाताने वाकवून पाहावे. घड सहज दिशेने पडली तर वही उघडताना फुगत नाही.

तिसरी वस्तू : नाडीचा बटवा. प्रवासात, दवाखान्यात, मंदिरात, कोठेही उपयोगी पडणारा. कोरे कापड आधी भिजवून वाळवून घ्यावे, म्हणजे पुढे आटत नाही. 20 सें.मी. रुंद व 50 सें.मी. लांब तुकडा उलट्या बाजूने मधोमध दुमडावा. घडी खाली येते. वरच्या टोकापासून 6 सें.मी. जागा मोकळी सोडून दोन्ही बाजू 1 सें.मी. आत शिवाव्यात. धावदोऱ्यात मधूनमधून उलटी टीप घातली की शिवण उसवत नाही. मोकळ्या कडा आत मोडून टिपाव्यात. नंतर दोन्ही वरच्या कडा आधी अर्धा सें.मी. व मग अडीच सें.मी. मोडून खालच्या कडेने शिवाव्यात. हा झाला नेफा. साठ-साठ सें.मी.च्या दोन नाड्या घ्याव्यात. एक डावीकडून घालून पूर्ण फिरवून डावीकडेच काढावी, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की बटवा घट्ट मिटतो. आटण्याची सोय धरून सव्वा मीटर कापड घेतले, तर 44 इंच पन्ह्यातून 10 बटव्यांचे तुकडे निघतात.

चौथी वस्तू सर्वांत सोपी : पोथीचे वेष्टन. ग्रंथभांडारांत हस्तलिखिते सुती कापडात बांधून ठेवण्याची रीत जुनी आहे. 70 सें.मी.चा चौरस तुकडा, चारही कडा मोडून घातलेली बारीक शिवण, आणि एका कोपऱ्याला बांधण्यासाठी लांब नाडी. एवढेच. नव्याने सुई धरणाऱ्या मुलाने किंवा मुलीने याच वस्तूपासून आरंभ करावा.

आता दोन अटी. पहिली सफाईची. ‘घरी केले आहे’ हे सांगून वाकडी शिवण झाकता येत नाही. जो माल आपण दुकानाच्या काउंटरवर ठेवला नसता, तो आप्तांच्या हाती देऊ नये. बिघडलेला पहिला बटवा घरात वापरावा, चौथा भेट द्यावा. दुसरी अट श्रमविभागणीची. हे सारे काम घरातील एकट्या सुनेच्या गळ्यात पडणार असेल, तर ती कुटुंबाची भेट होत नाही. तिच्या कामात भर मात्र पडते. पेढीवरून आलेल्या पुरुषांना कागद मापाने कापता येतो. आजोबांना घड्या घालता येतात. नजर मंदावलेल्या आजींना नेफ्यात नाडी ओवता येते आणि टाका कसा घ्यावा हे सांगताही येते. कित्येक घरांतून हे सांगणारी हीच अखेरची पिढी आहे. नातवंडांनी ते आता शिकून घेतले नाही, तर पुढे विचारायला कोणी उरणार नाही.

वेळेचा हिशेबही आधी मांडावा. एका बटव्याला दोन तास व एका वहीला एक तास धरला, तर दहा बटवे व दहा वह्यांना 30 तास लागतात. घरातील तिघांनी रोज अर्धा तास दिला तर हे काम 20 दिवसांत उरकते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळ मोठी असते. तिचा हा चांगला विनियोग. दिवाळीसाठी करायचे असेल तर नवरात्रापूर्वीच कापड भिजत पडले पाहिजे.

एक भान मात्र राखावे. ज्या नातलगाच्या घरी औषधोपचाराची वा मुलांच्या शुल्काची नड आहे, तेथे बटवा पाठवून कर्तव्य संपत नाही. ती मदत वेगळी, ती रोख आणि गुपचूप झाली पाहिजे. हाताने केलेली भेट तिच्या जागी नाही. ती त्या माणसाला पुन्हा आपल्या अंगणात आणण्यासाठी आहे. म्हणून यादी करताना पहिली नावे मोठ्या गिऱ्हाइकांची लिहू नयेत. गेल्या दोन-तीन कार्यांत जे आले नाहीत, त्यांची नावे आधी लिहावीत. पहिला चांगला साधलेला बटवा त्यांच्या घरी स्वतः जाऊन द्यावा, आणि आहेराच्या वहीत त्याची नोंद करू नये.